भिंतीपलीकडची तोटी

लातुरात त्या काळी दत्तोपंत वकिलांना तोंडावर नाही म्हणणारी माणसं दोनच. एक त्यांची थोरली बहीण गोदावरीआक्का आणि दुसरा कापसाच्या जीनमधला बसवंत मिस्त्री. आक्का वयानं मोठ्या, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या, घराच्या कर्त्या. त्यांचं नाही वकिलांना गिळावंच लागे. बसवंताला असला कुठलाच आधार नव्हता. तरी म्हणायचा. तेही मान खाली घालून, मुंडाशाशी चाळा करत नव्हे. बॉयलरचा काटा बघावा तसा समोरच्याच्या कपाळावर नजर रोखून.

काळ फसली साडेतेराशेच्या आसपासचा, म्हणजे इंग्रजी चाळीस-एकेचाळीस. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू, आणि दत्तोपंतांची उर्दू अशी की मुन्सफसाहेब निकाल विसरून शब्द ऐकत बसायचे. बाहेर शेरवानी, रुमी टोपी, सगळ्यांशी आदाब. घरी आलं की शेरवानी ओसरीवरच्या खुंटीला आणि उंबऱ्याच्या आत आक्कांचं सोवळं. दोन राज्यांत राहणारा माणूस होता तो, आणि दोन्हीकडं रयतच होता.

बसवंताचा बाप शिवप्पा गावाबाहेरच्या वस्तीत कातडी कमवायचा. आसपासच्या निम्म्या विहिरींवरच्या मोटा त्याच्या हातच्या. पोरगा बारा वर्षांचा झाला आणि एक दिवस कातडी भिजवायच्या चुन्याच्या हौदावरून उठून सरळ जीनमध्ये गेला. कोळसा वाहिला, राख उपसली, मार खाल्ला. बार्शीकडचा एक म्हातारा फिटर होता, त्याच्या मागं मागं हिंडून नळ, वाफ, पान्हे सगळं शिकला. कान असे तयार झाले की बॉयलरच्या नुसत्या सुस्काऱ्यावरून त्याचं दुखणं सांगायचा. तिशी गाठेपर्यंत जीनच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढं 'मिस्त्री' लागलं. त्या वस्तीतल्या कुणाच्याही नावापुढं आजवर काही लागलं नव्हतं. मागं मात्र बरंच काही लागायचं, ते मी इथं लिहीत नाही.

आता नळाचं. दत्तोपंत एका मुकदम्यासाठी हैदराबादला गेले, कुण्या बड्या असामीच्या हवेलीत उतरले, सकाळी न्हाणीत गेले आणि बघतात तर भिंतीतून गरम पाणी! चावी फिरवली की धो धो. परत आले ते वेडे होऊनच. गंजातल्या बाजारात कुणी भेटलं, की "वकीलसाहेब, निकाल काय लागला?" यांचं उत्तर, "अहो, भिंतीतून गरम पाणी!" मुकदमा हरले होते, हे लोकांना पुढं दोन महिन्यांनी कळलं.

स्टेशनच्या वाटेवर त्यांचा नवा बंगला उठत होता. त्यात तसाच नळ पाहिजे म्हणाले. लातुरात असलं काम येणारा माणूस एकच. जीनचे मॅनेजर किशनराव वकिलांच्या शब्दाबाहेर नसत, कारण जीनचे सगळे मुकदमे वकिलांकडं. बसवंताला वीस दिवस सोडलं.

त्यानं काम केलं ते असं. गच्चीवर लोखंडी टाकी. विहिरीवरची मोट हौदात पाणी ओतणार, तिथून गडी ते टाकीत चढवणार. टाकीतून एक नळ थंड पाण्याचा, थेट न्हाण्यांत. दुसरा परसातल्या तांब्याच्या मोठ्या बंबाच्या बुडाशी. बंबात पाणी तापलं की डोक्यावरच्या नळातून निघणार आणि भिंत ओलांडून न्हाणीतल्या तोटीला येणार. न्हाण्या दोन, एक पुरुषांची, एक आतली बायकांची. दोन्हींत थंडाची एक तोटी, गरमाची एक.

वास्तुशांत होईपर्यंत घर गवंड्याचं असतं, सुताराचं असतं, कुणाचंही असतं. बसवंत त्या न्हाण्यांत वीस दिवस मांडी घालून बसला, तिथंच त्यानं भाकरी खाल्ली, आक्कांच्या न्हाणीतल्या दगडावर दुपारी आडवा झाला. श्रावणात वास्तुशांत झाली आणि त्या दुपारपासून त्याला उंबरा बंद. काही बिघडलंच तर परसाच्या दारानं यायचं, बंबापर्यंत. भिंतीच्या पुढं नाही. हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगावं लागत नव्हतं.

जाताना त्यानं वकिलांचे कारकून अनंतराव यांच्या हातात कागदाची एक पुडी दिली. "तोटीतले वायसर हायती. वरीस-दीड वरसानं झिजतील, तवा बदला."

नळ चालला आणि काय चालला! वकील पाहुण्याला आधी न्हाणी दाखवायचे, मग चहा. एका तहसीलदारानं म्हणे शेरवानीसकट हात घातला तोटीखाली. आणि मग आश्विन निम्मा झाला असेल, गरम पाण्याची धार बारीक झाली. बारीक म्हणजे करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी, मग थेंब थेंब. बादली भरेपर्यंत पहिलं पाणी गार व्हायचं.

दिवाळी पंधरा दिवसांवर. पहिला दिवाळसण, लेक इंदू आणि जावई नांदेडहून येणार, जावयाचं घर कर्मठ आणि टोमणे मारण्यात पटाईत. इंदूच्या सासरी वकिलांनी पत्रातून नळाची इतकी वर्णनं लिहिली होती की व्याही म्हणायचे, सून आणली का नळ आणला. नरकचतुर्दशीला जावयाला भिंतीतल्या पाण्यानं अभ्यंगस्नान घालायचं ठरलेलं. आणि तोटी नुसती सुस्कारे टाकते.

वकिलांनी काय केलं? गंजात, भर बाजाराच्या दिवशी, एका अडत दुकानाच्या गादीवर बसून मोठ्यांदा सांगितलं, "कातड्याच्या वस्तीतल्या माणसाला नळाचं काम दिलं, माझीच चूक. त्यानं माझं घर नासवलं." तासाभरात ते जीनमध्ये पोचलं. किशनरावांनी सगळ्या मजुरांसमोर बसवंताला बॉयलरवरून खाली बोलावलं.

"वकीलसाहेब काम ठीक झालं म्हणून लिहून देईपर्यंत बॉयलरला हात लावायचा नाही."

"मग म्या काय करू?"

"बापाकडं असेल की काम."

मजूर हसले. काही नुसतं हसायचं म्हणून, काही मनापासून.

घरी बायको रत्नम्मा चुलीपुढं बसली होती. बातमी नवऱ्याच्या आधी आलेली. तिनं मागं न बघताच विचारलं, "हाव म्हणून, चूक कबूल करून आलास का?"

"न्हाई."

"मग जेव."

दुसऱ्या दिवशी बसवंत पान्ह्यांची पिशवी घेऊन बंगल्याच्या परसात हजर. मिस्त्री हे नाव राहील का परत चुन्याचा हौद, हे त्या नळावर ठरणार होतं. वकील खिडकीत, आक्का आत, आणि मधल्या मधे पळापळ करायला अनंतराव. हे अनंतराव म्हणजे सायकल असलेला लातुरातला एकमेव कारकून. त्यांना त्या सायकलीचा इतका अभिमान की पायी चालतानाही घंटी वाजवल्यासारखा आवाज करायचे तोंडानं.

"थंड पाणी कसं येतंय?" बसवंतानं विचारलं.

"थंड? एकदम झकास."

"दोन्ही न्हाणीत?"

"दोन्ही."

"आन् गरम?"

अनंतराव जरा अडखळले. "गरम म्हणजे... कसं सांगू बाबा, म्हाताऱ्या माणसासारखं. थांबून थांबून."

खिडकीतून वकील खेकसले, "खार धरला असेल नळाला! मी सांगतो ना. लातूरचं पाणी जड."

बसवंतानं तिकडं बघितलंही नाही. एक बोट मिटलं. "थंड जोरात येतंय, म्हंजी टाकी भरलेली हाय, टाकीचं तोंड मोकळं हाय." मग बंबाच्या बुडाची चावी उघडली. पाणी असं सुटलं की परसातली राख वाहून गेली. दुसरं बोट. "बंबाला पाणी पोचतंय." मग पान्हा लावून, बंबावरून आलेला नळ भिंतीत शिरतो तिथला जोड सैल केला. फस्स करून कढत पाणी उसळलं. अनंतराव धोतर गोळा करून तुळशीच्या कट्ट्यावर चढले, आणि बराच वेळ उतरले नाहीत. तिसरं बोट. "नळ बी मोकळा. खार धरायला धा वर्सं लागत्यात, दोन महिने न्हाई. धा वर्सांनी बोलवा, खरवडून देतो."

जोड आवळून त्यानं भिंतीवर पंजा टेकला.

"आता राहिली ही भिंत. पलीकडं हातभर नळ आन् टोकाला तोटी. दोन्ही न्हाणीतल्या गरमाच्या तोट्या एकदमच आजारी पडल्या. हे आपोआप व्हत न्हाई. अनंतराव, कुणीतरी तोट्या उघडल्या हायत."

कट्ट्यावरचे अनंतराव तुळशीच्या पानासारखे हिरवे पडले.

आता आतली गोष्ट सांगतो. मला कुणी सांगितली ते विचारू नका. ती माणसं गेली आणि त्यांची नातवंडं आहेत. झालं असं, की पितृपक्ष संपत आला आणि आक्कांना फडताळात ती पुडी सापडली. उघडून बघतात तर काळ्या-तांबूस गोल चकत्या. "अनंतराव, हे काय?" अनंतराव भोळे. म्हणाले, "आक्का, हे तोटीत असतं. याच्यावरच पाणी अडतं." "पण हे कशाचं?" "चामड्याचं."

श्रावणापासून त्या घरात देव त्या पाण्यानं न्हालेले. नैवेद्याचा स्वयंपाक त्या पाण्याचा. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे पितृपक्षात वडिलांच्या श्राद्धाला गावातले अकरा भटजी त्या पाण्यानं पाय धुऊन, तेच पाणी पिऊन, आशीर्वाद देऊन गेलेले. आक्कांनी त्याच दिवशी अनंतरावांकडून चारी तोट्यांतलं चामडं काढायला लावलं आणि स्वतः तीन दिवस पंचगव्यावर राहिल्या. वकिलांनी फक्त एवढंच बघितलं की हे घराबाहेर जाऊ नये. भटजींना कळलं तर अकरा प्रायश्चित्तं, नांदेडला कळलं तर इंदूचं काय?

चामड्याच्या जागी काय घातलं? अनंतरावांनी सायकलीची जुनी ट्यूब कात्रीनं कापली आणि चार गोल चकत्या बसवल्या. रबर म्हणजे झाडाचा चीक, सोवळ्यात चालतो, असा निर्णय त्यांनीच दिला. थंड तोट्यांत ते रबर निमूट बसलं. गरमाच्या तोट्यांत मात्र दिवसागणिक फुगत, मऊ पडत, तोटीच्या तोंडाला चिकटत गेलं. म्हणजे वकिलांच्या घरात गरम पाण्याचा गळा अनंतरावांच्या सायकलीनं धरला होता.

आणि हे सांगायचं कसं? रबर का घातलं विचारलं तर चामडं का काढलं ते सांगावं लागणार. त्यापेक्षा मिस्त्री नालायक, हे बोलायला सोपं.

बसवंताला अर्थात सगळं लक्षात आलं. वायसर त्याच्या बापानं कमावलेल्या कातड्याचे, एरंडेलात मुरवून मुरवून तयार केलेले. ते असताना धार अशी होणारच नाही, हे त्याला ठाऊक. तो म्हणाला, "मला आत येऊ द्या. तोटी उघडून दाखवतो."

वकील खिडकी सोडून परसात उतरले, आवाज खाली आणला. कोर्टात साक्षीदार फोडायचा असला की असाच आणायचे. "बसवंता, शहाणा हो. आत यायचं नाव काढू नको. तू इथंच बस, काय करायचं ते अनंतरावांना सांग, ते करतील. लोकांना सांग, नळाला खार धरला होता, माझ्या हातून चूक झाली, आता दुरुस्त केली. मी आज संध्याकाळी किशनरावांना चिठ्ठी देतो. उद्या तू बॉयलरवर."

"आन् चूक माझी?"

"म्हणायला."

"न्हाई."

"अरे, नुसतं म्हणायला!"

"साहेब, तुमी गंजात बोलला ते बी नुसतं म्हणायलाच हुतं. माझी रोजी गेली." त्यानं पिशवी उचलली. "ज्या त्वांडानं बोलला त्याच त्वांडानं परत घ्या. मग मी आत येऊन तोटी दुरुस्त करतो. म्होरल्या दारानं."

वकिलांनी उपरण्यानं असा वारा घेतला की अनंतरावांनी कट्ट्यावरूनच विचारलं, "साहेब, बरं वाटतंय ना?"

चार दिवस असेच गेले. बसवंत रोज सकाळी यायचा, फाटकाबाहेर बाभळीखाली बसायचा, दुपारी जायचा. काही बोलायचा नाही. येणारे-जाणारे विचारायचे, काय मिस्त्री, इथं कसे? तो म्हणायचा, वकीलसाहेबांचा नळ आजारी हाय, मी हकीम, पर आत घेत न्हाईत. झालं, लोक घरी जाऊन जेवायच्या आधी ते सांगायचे.

इकडं वकिलांचे इलाज सुरू. पहिल्या दिवशी म्हणाले, जाळ कमी पडतो. गड्यानं बंबाखाली लग्नाच्या भट्टीएवढी लाकडं घातली. बंब रेड्यासारखा घुरघुरला, वाफ काढायला गच्चीवर नेलेली नळी उकळतं पाणी ओकू लागली, आणि शेजारी चकलीच्या भाजणीचं धान्य वाळत घातलं होतं त्याची खिचडी झाली. दुसऱ्या दिवशी टाकीखाली विटा रचून ती वीतभर उंच केली. थंड पाणी आणखी जोरात आलं, गरम होतं तिथंच. तिसऱ्या दिवशी अनंतरावांनी तोटीत सुई घालून बघितली, सुई आतच राहिली.

पाचव्या दिवशी नांदेडहून पत्र आलं. जावई परवा पोचतात. वकील स्वतः फाटकाशी आले. मी ऐकलंय ते असं, की त्यांनी हातसुद्धा जोडले. आवाज मात्र खालीच.

"बसव्या, किती ताणशील? तुला काय पाहिजे बोल."

"बसवंत."

"काय?"

"नाव. बसवंत. आन् पाहिजे ते सांगितलंय."

"ते होणार नाही! एका..." पुढचा शब्द वकिलांनी दाताखाली धरला. "तुझ्यासाठी मी गंजात जाऊन माफी मागू?"

"मग न्हाई!" बसवंत ओरडला. चार दिवसांत पहिल्यांदा. आवाज जीनमधला, यंत्रांच्या खडखडाटावर चढायची सवय असलेला. बाभळीवरचे कावळे उडाले आणि आतून आक्का बाहेर आल्या.

अंगावर विधवेचं लाल आलवण, केस काढलेलं डोकं, हातात पळी. भर दिवसा ओसरीच्या पायरीवर. वकिलांना घाम फुटला.

"दत्तू, हा रोज का येतो?"

"नळाचं काम, आक्का. तू आत..."

"मी त्याला विचारते." आणि दहा पावलांवरून, कधी न बोललेल्या माणसाशी बोलल्या, "काय रे, काय झालं?"

बसवंतानं सगळं सांगितलं. बोटं मिटत, टाकीपासून तोटीपर्यंत. गंजातलं बोलणं सांगितलं, किशनरावांचं बापाकडं जा म्हणणं सांगितलं. आक्का ऐकत राहिल्या. मग भावाकडं वळल्या.

"आपण वायसर बदलले ते याला कुणी सांगितलंच नाही?"

वकील चपलांकडं बघत होते.

"चामडं मी काढायला लावलं," आक्का म्हणाल्या. "चामड्यावरून आलेलं पाणी या घरात चालत नाही."

"मग न्हाताय कशानं?" बसवंत म्हणाला.

"म्हणजे?"

"तुमच्या हिरीवर मोट हाय. ती कशाची हाय? माझ्या बापानं शिवलीय, आख्ख्या कातड्याची. त्या मोटंचंच पाणी हौदात, हौदातलं टाकीत, टाकीतलं तुमच्या देवावर. वायसर तर रुपयाएवढा हुता."

म्हणतात की अनंतरावांच्या तोंडून तेवढ्यात "खरंच की!" असं निघून गेलं आणि वकिलांनी त्यांच्याकडं बघितलं ते आयुष्यभर पुरलं.

आक्कांनी एकदा विहिरीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मोट बाहेर असते. तोटी घरात."

"हाव. भाईरचं चामडं चालतं, आतलं न्हाई. भाईरचा माणूस चालतो, आत आला की न्हाई. वास्तुशांतीच्या आधी तुमच्या त्या दगडावर झोपलो मी, तवा दगडाला काय झालं न्हाई."

असं त्यांच्याशी त्या जन्मात कुणी बोललं नव्हतं. आक्कांनी पळी या हातातली त्या हातात घेतली म्हणतात. रागानं, का कशानं, ते पळीलाच ठाऊक.

"चामडं परत लावू देणार नाही," आक्का म्हणाल्या.

"नका लावू. तुमच्या साध्या बंबाला कसली तोटी असते? पितळंच्या भोकात पितळंचीच चावी, घासून बसवलेली. आत ना चामडं, ना रबर. तांबट आळीतून तसल्या आणतो, माझ्या हातानं घासतो. गरम पाण्यानं तिला काय बी व्हत न्हाई. पर लावणार मीच. आत येऊन. आन् आधी माझं नाव मला परत."

आक्कांनी पळी ओसरीवर ठेवली. "दत्तू, टांगा बोलाव."

"कशाला?"

"तू गंजात खोटं बोललास. तुला ते परत घ्यायची लाज वाटते. मला नाही वाटत. मी चामडं टाकलं, खरं बोलणं नाही टाकलं."

जीनच्या आवारात आक्कांचा टांगा शिरला, मागोमाग बसवंत, तेव्हा सरकीचे ढीग उपसणाऱ्या बायका उभ्याच्या उभ्या राहिल्या. आलवणातली बाई जीनमध्ये! किशनराव खुर्चीवरून असे उठले की खुर्ची पडली. दुसरी पुढं केली, आक्का बसल्या नाहीत. कचेरीच्या दारात, आत मॅनेजर आणि बाहेर दोनशे माणसं, अशा मधोमध उभ्या राहिल्या.

"किशनराव, आमचा गरम नळ या मिस्त्रीनं बिघडवला नाही. तोटीत चामडं होतं, ते मी काढून रबर घालायला लावलं. बिघाड माझा. दत्तू गंजात बोलला ते खोटं आहे."

झालं. चामडं हा शब्द त्या बाईच्या तोंडून भर दुपारी जीनमध्ये पडला आणि संध्याकाळच्या आत सगळ्या लातुरात फिरला. अकरा भटजींची काय धांदल उडाली म्हणून सांगू! पाच जणांनी त्याच रात्री गोमूत्र घेतलं. तिघांनी सांगितलं, आम्ही त्या श्राद्धाला आजारी होतो. त्या दिवशी त्यांनी घेतलेली दक्षिणा मात्र आजारी नव्हती. एकानं शपथेवर सांगितलं की आपण अनारसेच तेवढे खाल्ले, पाण्याला शिवलो नाही. नांदेडहूनही दिवाळसण नको म्हणून पत्र आलं, पण जावई त्याच्या आधीच निघालेले होते, त्यामुळं ते त्यांच्याच मागं मागं लातुरात आलं.

जीनमध्ये मात्र अजून एक गोष्ट राहिली होती. आक्का टांग्यात बसल्यावर किशनराव बसवंताच्या कानाशी येऊन म्हणाले, "ठीक आहे, लाग कामाला."

"काढलं तवा समद्यांम्होरं काढलंसा. आता कानात सांगताय?"

किशनरावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टांगा अजून हलला नव्हता आणि आक्का आतून बघत होत्या. त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्यांदा म्हणाले, "बसवंत मिस्त्री! उद्यापासून बॉयलरवर या!"

"येतो," बसवंत म्हणाला. "आज वकिलांकडं काम हाय."

तांबट आळीतून चावीच्या दोन तोट्या आणून त्यानं वाळू आणि तेल लावून दुपारभर घासल्या, चावी भोकात अशी बसली की फुंकर जाईना. चार वाजता तो बंगल्यावर आला, पुढच्या दारानं. आक्का उंबऱ्याशी उभ्या होत्या, बाजूला सरकल्या. न्हाणीत जाऊन त्यानं जुनी तोटी उघडली. आतलं रबर फुगून पुरीसारखं झालेलं. बाहेर येऊन ते त्यानं अनंतरावांच्या हातावर ठेवलं. "तुमची सायकल."

दोन्ही तोट्या बसवल्या, जोडांना तागाचा धागा गुंडाळून पक्क्या आवळल्या. आक्का दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, तू गेल्यावर मी उंबऱ्यापासून इथपर्यंत सगळं धुऊन काढणार आहे. आधीच सांगते, मागून कळायला नको."

"धुवा की," बसवंत म्हणाला. "पाणी मातर माझ्याच तोटीचं लागंल."

आणि त्यानं चावी फिरवली. धार दगडावर आदळली, वाफ दारापर्यंत आली, आक्का दोन पावलं मागं सरल्या. एवढं पाणी त्या न्हाणीत श्रावणातसुद्धा आलं नव्हतं. आक्का हसल्या असं अनंतराव सांगायचे. मी काही ते मानत नाही. त्यांनी कोपऱ्यातली घागर उचलून धारेखाली धरली, एवढं मात्र खरं. धुवायचं होतं ना.

बसवंतानं पान्हे पिशवीत टाकले आणि तो पुढच्या दारानंच बाहेर पडला. ओसरीवर वकील उर्दू अखबार वाचत बसले होते. त्यांनी तो डोळ्यांसमोर उंच धरला. उंबऱ्याशी बसवंताच्या वहाणा काढून ठेवलेल्या, जाड, बापानं शिवलेल्या. त्यानं त्या घातल्या. पायरीवर बसून, सावकाश, आधी एक पाय, मग दुसरा, अंगठा नीट बसेपर्यंत. मग उठून चालू लागला. नव्या चामड्याची करकर फाटकापर्यंत ऐकू येत होती, आणि वकिलांच्या हातातलं पान काही उलटलं नाही.